टॉर्क

गुजरीतल्या माडीवर वैजू पाठ करते,
पाय जिन्यात सोडून:
"सेल्ट न्हाई, केल्ट.
हिलफोर्ट…"
"पन्हाळा म्हण की सरळ,"
फुंकणी ओठांतून जराशी काढून बापू.

"बार्ड म्हंजे शाहीर. ड्रुइड…"
ड्रुइडला तिच्याकडं शब्द नाही.
"ऱ्हाऊ दे, पुढं जातो मी."

टॉर्कपाशी अडते.
"गळ्यातलं कायतरी. सोन्याचं. पुढनं उघडं."

बापू पुस्तक दिव्याखाली धरतात.
बराच वेळ नुसती
शेजारच्या दुकानातली हातोडी.

"दोन तारा. डावा पीळ.
आन् हितं, बघ,
हात घसरलाय त्याचा."

कुणाचा, ते दोघंही विचारत नाहीत.
सुंभ कधीच जळून गेलेलं.

वैजू अर्थाच्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिते:
पीळ.