काचेच्या कुठल्या बाजूला

पहाटे चार वीसला सोहार सोडलं.
आठ वाजता मस्कतला ह्यांच्या डोळ्यात इंजेक्शन.
मागच्या सीटवर रिपोर्टांची पिशवी,
थर्मासात चहा, फडक्यात दशम्या.

गाडी मी चालवते आता.
बावीस वर्षं ह्यांनी चालवली,
सिमेंटचे ट्रेलर, गोड्या पाण्याचे टँकर,
सलालाच्या घाटात रात्री-बेरात्री.
मला लायसन मिळून चार महिने होतायत,
तेही पाचव्या खेपेला;
त्याआधी उलटी गाडी घेताना
चार वेळा पाडले होते ड्रम,
आणि परीक्षक दर वेळी म्हणाला होता, पुढच्या महिन्यात या.

हे शेजारी बसतात.
हात अधूनमधून गिअरकडे जातो,
आणि मांडीवर परत येतो.

मुराद बलोचला घराची चावी द्यायची होती,
म्हणून सहमपाशी हायवे सोडला,
समुद्राच्या रस्त्याला लागले.
ऑगस्ट. बाहेरची हवा भिजलेल्या चादरीसारखी.
आत एसी अठरावर,
झोत मीच वळवलेला काचेकडे,
काच धुरकटू नये म्हणून.

आणि लाइट जावी तशी काच गेली.

रस्ता नाही, दिवे नाहीत,
आपल्याच गाडीचं तोंडही नाही.
समोर दुधाळ, उजळ काहीतरी,
बोहारणीने नाकारलेल्या पातेल्यासारखं.
मी ओढणी काढली, काच पुसू लागले.
खसाखसा. काही फरक नाही.
पाय ब्रेककडे निघालेला.

"ब्रेक नको."
हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.
बहुतेक ट्रेलरचा आवाज असेल हा.
"रेस सोड. स्टिअरिंग धर तसंच.
बाजूच्या काचेतून कडेची पिवळी रेघ बघ, दिसते ना?"
दिसते.
"तिच्या अंगाने चल.
आता काचेला बोट लाव. ओलं लागतंय?"
कोरडं.
"मग पुसतेस काय उगाच? बाहेर आहे ते.
वायपर मार. एसी कमी कर, झोत खाली घे."

दांडी खाली ओढली.
एक अर्धवर्तुळ, मग दुसरं,
आणि जग परत आलं, कडांना ओघळत.

"काय आहे पुढे?"
पिकअप आहे. मागे जाळ्यांचा ढीग.
ढिगावर एक पोरगा झोपलाय, एक पाय बाहेर.
"किती लांब?"
मला मीटर कळत नाहीत.
एक टँकर मावेल, म्हटलं.
हे हसले. "मग पुष्कळ आहे."

थोड्या वेळाने, काचेकडे तोंड करूनच,
चहा मागावा इतक्या साधेपणी म्हणाले,
"मघाशी तुला दिसलं ना,
मला रोज तसंच दिसतं.
फक्त बोट कुठे लावायचं ते कळत नाही."

मी काही बोलले नाही.
बोलायला गेलं की माझी मान वळते,
आणि मान वळली की गाडी वळते,
हे ह्यांनीच सांगितलंय.

मुरादने चावी घेतली,
खिडकीतून दोन सुरमई आत सरकवल्या,
"वामनभाई, परतताना जेवून जा," म्हणाला.
इंजेक्शनच्या दिवशी मासे! पण मी त्या
मागे रिपोर्टांच्या पिशवीशेजारी ठेवल्या.
पूर्वेला पाण्यावर तांबूस रेघ उमटली होती.

मग बरकापर्यंत मी वाचत गेले, मोठ्यांदा:
पेट्रोल पंप, तीन खजुरी, एक वाकडी.
शेळ्या. पाटीवर मस्कत, शहाण्णव.
उंट नाही, उंटाचा बोर्ड.
हे मधेच दुरुस्त करायचे,
"तिथे पाटीआधी पूल लागतो," आणि पूल लागायचा.

वायपर अजून चालूच होता,
कोरड्या काचेवर कुरकुरत.
दोघांनाही ऐकू येत होता.