आकसपट्टी

व्यापार-उद्योगाच्या मंत्रीणबाई दिल्लीहून येणार
म्हणून शिरोलीच्या रस्त्यावरचे खड्डे आदल्या रात्रीत बुजले,
आणि असोसिएशनच्या ऑफिसात मी
निवेदनाचा सातवा मसुदा टाइप करत बसले.
कोक, पिग आयर्न, विजेचा दर, आयात शुल्क,
गुणवत्ता आदेशाची मुदत.
'मागणी' खोडून 'विनंती' केलं,
'विनंती' खोडून 'नम्र विनंती'.
आण्णासो चौगुले म्हणाले,
अजून नम्र करता आलं तर बघा,
फक्त आकडे वाकवू नका.

कार्यक्रम बावीस मिनिटांचा.
त्यातली नऊ फेट्यात, हारात आणि
पायताणाच्या जोडात गेली.
जोड एक नंबर लहान निघाला.
बाई हसून म्हणाल्या, चालेल.
चालून मात्र बघितलं नाही.

भट्टीपाशी इलाही नदाफनं लाडल कलती केली.
चौदाशे अंशांचा तो नारिंगी रस
काळ्या वाळूत उतरताना
सगळे अधिकारी दोन पावलं मागं,
बाई एक पाऊल पुढं.
तेवढं एक पाऊल
मी निवेदनाबाहेर, मनात टिपून ठेवलं.

पॅटर्न शॉप कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.
बाई चुकून शिरल्या, की मुद्दाम, माहीत नाही.
तातोबा सुतार पंपाच्या आवरणाचा सागवानी साचा घासत होता,
उठला नाही, कारण मांडीवर काम होतं.
बाकावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी,
आकडे तेच,
पण एकीचा मीटर दुसरीच्या पुढं गेलेला.

यातली बरोबर कुठली, बाईंनी हिंदीत विचारलं.

"दोन्ही बी बरोबर हाइत.
ही बाजारातली, ही माझी.
लोखंड निवताना आकसतंय बघा,
मीटरमागं धा मिलिमीटर.
तेवढं आधीच धरून साचा मोठा करायचा.
पाहिजे तेवढंच मापून केलं
तर हातात कमीच येतंय."

मी हिंदीत सांगत गेले
आणि पट्टीच्या नावापाशी अडखळले.
आकस म्हणजे आखडणं,
आकस म्हणजे मनात धरलेलं वैरही.
दुसरा अर्थ मी सांगितला नाही.

आणखी काय काय आकसतं, बाईंनी विचारलं.
"अॅल्युमिनियम. ते जरा जास्तच," तातोबा म्हणाला.
मागं कुणीतरी खाकरलं.
माझ्या काखेत सातव्या मसुद्याची फाईल होती.

ही पट्टी मला मिळेल का?
"न्हाई," तातोबा म्हणाला. "हिच्यावर काम चाललंय."
चौगुल्यांचा चेहरा वाळूसारखा झाला.

रात्री त्यानं शिसवीची नवी करून दिली,
रेघा सुरीनं कोरलेल्या, त्यात काजळी भरलेली.
वर्तमानपत्रात गुंडाळून
मी ती सकाळी उजळाईवाडीला विमानतळावर पोचवली.
सुरक्षेच्या पोरानं उलटसुलट करून पाहिली,
स्वतःच्या पट्टीशी ताडली,
म्हणाला, मॅडम, ही चुकीची आहे.

अकरा महिन्यांनी राजपत्र आलं.
गुणवत्ता आदेशाला लहान कारखान्यांसाठी
नऊ महिने जास्तीचे, खोटसालीचं वेगळं कलम.
तोवर उद्यमनगरात दोन भट्ट्या निवल्या होत्या,
एकीच्या जागी आता लग्नाच्या मांडवाचं सामान ठेवतात,
आणि इलाहीचा धाकटा
पुण्याला गोदामात लागला होता.

चौगुले म्हणतात, हे आपल्या निवेदनाचं यश.
राजकोटवाले म्हणतात, त्यांच्या.
मी राजपत्र तातोबाला वाचून दाखवलं,
कलमं, पोटकलमं, खालची सही.
त्यानं साच्यावरून अंगठा फिरवत ऐकलं.
मग एवढंच विचारलं,
"ती पट्टी कुठं ठेवलीया त्यांनी?"

माहीत नाही, म्हटलं.

"आडवी ठेवा म्हणावं.
भिंतीला टेकवून उभी केली
तर वाकंल."