परंतुक

समितीच्या खोलीत माझं काम एवढंच :
नाव पुकारायचं, तीन मिनिटं लावायची.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
लाल लागला की माणसं
वाक्याच्या मधेच थांबतात, निमूट.

विधेयक अर्ध्या पानाचं.
कायद्यात यादी होतीच —
वय, लिंग, वंश, वर्ण, धर्म —
तिच्या शेपटाला एक शब्द जोडायचा होता : हेल.
म्हणजे बोलण्याच्या हेलावरून कुणाला
कामावरून काढू नये, मागे ढकलू नये.
एक शब्द आणि एक स्वल्पविराम.
स्वल्पविराम मीच टंकला होता.

कॉंकॉर्डच्या सोनेरी घुमटावरून
बर्फाची लादी सुटून धप्प पडली,
तेव्हा ती माइकसमोर बसत होती.
क्लेमान्स मबुयी. मँचेस्टरहून, दोन बस बदलून.

दाताच्या दवाखान्यात फोनवर होती, चार वर्षं.
कुठला दात, कधीपासून, गार लागतं का गरम —
दुखण्याचं सगळं तिला आवाजावरून कळायचं.
मग एका बाईंनी तक्रार केली : हिचं बोलणं कळत नाही.
डॉक्टरांनी तिला मागच्या खोलीत नेलं,
चिमटे, आरसे, सुया उकळायला.
ताशी दोन डॉलर कमी,
कारण वाफेशी बोलावं लागत नाही.

हे तिने सांगितलं हळू,
एकेक शब्द धुऊन ट्रेवर मांडावा तसं.
एक आमदार (सफरचंदांची बाग आहे त्यांची, भला माणूस)
कानामागे हात धरून म्हणाले,
“बाई, पुन्हा सांगाल? नीटसं कळलं नाही.”
कुणी हसलं नाही.
मी घड्याळ थांबवायला हवं होतं.
नियमात तसं नाही.

माझे वडील इथल्याच गिरणीत होते,
क्यूबेकहून आलेल्यांपैकी.
‘थ्री’ म्हणता यायचं नाही त्यांना. ‘ट्री’ म्हणायचे.
दिवसपाळी कितीला सुटते? ट्री.
मुकादम विचारायचा, कुठल्या झाडाखाली?
तीस वर्षं तोच विनोद,
डब्यातल्या पावासारखा, रोजचा.
घरी येऊन ते माझ्या जिभेवरचं झाड
मुळासकट उपटत राहिले.
म्हणून तर ही नोकरी मिळाली.
“उच्चार स्पष्ट” असा शेरा आहे माझ्या फायलीत.

जूनमध्ये विधेयक मंजूर झालं, दोन मतांनी.
राज्यपालांच्या सहीला ती आली होती,
मोठमोठे मासे छापलेल्या कापडाचा झगा घालून.
सहीचं एक पेन तिलाही मिळालं.
मला मिठी मारून तिने विचारलं,
आता अर्ज कुठे करायचा?

कलम दोन मला पाठ आहे. जुनंच.
त्याला कुणी हात लावलेला नव्हता :
*परंतु असे की, सहापेक्षा कमी कामगार असलेल्या
आस्थापनेस ही तरतूद लागू असणार नाही.*

तिची साक्ष चालू असताना, फेब्रुवारीतच,
मी मोजलं होतं —
दात साफ करणाऱ्या दोघी, हिशेबाचा म्हातारा,
फोनवरची नवी मुलगी, आणि ही.
पाच.
मोजलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

आता सांगितलं. उच्चार स्पष्ट.
तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं.
काही बोलली नाही.
काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं,
परतीची बस कितीची?
“ट्री,” ती म्हणाली.

अजून चाळीस मिनिटं होती.
पायऱ्या उतरून आम्ही दोघी
समोरच्या मेपलखाली जाऊन उभ्या राहिलो.