दहा बोटं

पारोळ्याच्या स्टँडमागे दगा मिस्तरींचं दुकान.
"नावच दगा, म्हणून मशीनवर भरोसा नाही,"
म्हणतात, आणि चहाच्या ग्लासाभोवती
दहाच्या दहा बोटं मोजून दाखवतात.

"पातं वर ठेवून आधी आपल्याकडे ओढ.
मग चालू. पूर्ण आवाज येऊ दे.
मग खाली, मग पुढे ढकल, भो, पुढे.
ओढत कापशील
तर लाकडावर चढून तुझ्याच अंगावर येईल,
उधारी मागायला आल्यासारखं."

सागाची फळी मागच्या पट्टीला टेकवली,
क्लॅम्प आवळला.
डावा हात वीतभर लांब,
जणू परक्याचा.

भुसा उडाला, आणि अर्ध्यावर
लाईट गेली.
मी पातं उचलणार, तर मनगटावर त्यांची मूठ.

थांब.

गरगर, गर, ग.
बाहेर कापसाच्या ट्रकला कोणी
'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.
पातं पुरतं निजल्यावर त्यांनी ते उचललं,
प्लग काढून खिशात टाकावा तसा हातात धरला:
"लाईट काय सांगीसन येस का?"

फळीतल्या अर्ध्या चिरेत मी नख घातलं.
अजून गरम होती.