शनिवारची कणीक

फादर इरोदियोनना मी सांगितलं होतं,
या हातांनी पुन्हा पवित्र भाकर होणार नाही.
ते नुसते खोकले
आणि ओट्यावर पिठाची पिशवी ठेवून गेले.

तर देवा, तीन वर्षांनी
ही आपली पहिली शनिवारची रात्र.
भट्टी पेटली आहे.
बाहेर बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत.

नियम मला पाठ आहे:
मनात कुणाबद्दल काही ठेवून
ही कणीक भिजवायची नाही.
सासूबाई पिठाला पाणी लावण्याआधी
शेजारणीकडे जाऊन यायच्या,
भांडण कोंबडीवरून झालेलं असलं तरी.

माझं भांडण कोंबडीवरून नाही.

बिमुर्झा म्हणाला होता, ब्रेक बघितलेत, जा बिनधास्त.
बघितले नव्हते.
एंगुरीच्या घळीत ट्रक पालथा पडला होता,
चाकं आभाळाकडे.
माझा बेसारिओन पार भिजलेला,
आणि त्याच्या खिशात माझ्यासाठी घेतलेली
सुयांची पुडी तेवढी कोरडी.
ती कोरडी कशी राहिली,
हे मी तुला अजून विचारलेलं नाही.

आमच्याकडे घराला लागून दगडी बुरूज असतो.
वैर आलं की वाडवडील वर चढायचे,
शिडी ओढून घ्यायचे,
आणि एका मरणापासून दुसऱ्या मरणापर्यंत
तिथेच राहायचे, सुकं मांस खात.
दिराने बंदूक पुसून ठेवली होती.
मी म्हटलं, राहू दे.
लोकांना वाटलं, केवढं मन हिचं!
मी बंदूक उचलली नाही, एवढंच.
शिडी मात्र ओढून घेतली.

म्हणतात, देव चांगला आहे.
म्हणतात, आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तुझाही मुलगा माणसांनीच मारला, ठाऊक आहे मला.
दर वर्षी त्या शुक्रवारी
मी रडले आहे तुझ्यासाठी, खोटं नाही.
पण तुझा तिसऱ्या दिवशी उठला.
माझा तिसऱ्या दिवशी सापडला.

यावर तू काही बोलत नाहीस.
निघूनही जात नाहीस.
तीन वर्षं मी तुला काय काय बोलले,
गोठ्यात, विहिरीवर, एकदा तर ऐन उपासनेत मेणबत्ती लावताना.
दुसरा कुणी असता तर
त्याने कधीच हे घर टाकलं असतं.

आता मळताना बोट खोल रुतलं
आणि ते भोक लगेच बुजलं नाही.
तेव्हा आठवलं:
तो उठला तोही जखमा घेऊनच.
तुला बुजवता आल्या असत्या.
नाही बुजवल्यास.
का, ते मला कळत नाही,
पण हात थोडा वेळ थांबला माझा.

बिमुर्झा दर रविवारी दाराशी उभा असतो.
आत येत नाही. टोपी हातात, कान लाल.
उद्या भाकर मोडतील,
मुलं तुकडे घेऊन दारापर्यंत जातील,
त्यालाही देतील.
त्याच्यापुरता उंडा वेगळा काढता येत नाही.
हे माहीत असून मी मीठ घातलं.
नीट घातलं, चाखून.

याला क्षमा म्हणत असशील तर म्हण.
मी नाही म्हणणार.
सोमवारी मला पुन्हा ती चाकं दिसतील,
मी माझ्या स्वभावाला ओळखते.
मग पुढच्या शनिवारी पुन्हा आंबवण लावायचं,
पुन्हा पहिल्यापासून.

त्या प्रार्थनेत ऋणांची एक ओळ आहे.
तिथे मी गप्प होते
आणि पुढच्या ओळीला सगळ्यांना गाठते.
उद्या ओठ हलवून बघेन.
आवाजाचं सांगत नाही.

आता शिक्का मारायचा.
फळीमागे पडला होता इतके दिवस,
उंदरांनी त्याचा एक कोपरा कुरतडलाय.
तुझ्या नावाचं एक अक्षर अर्धं आहे.
दुसरा शिक्का घरात नाही.
तसंच उमटेल.