चतुःसीमा

केप्याच्या नोटरीच्या कचेरीत
आता मला खुर्ची देतात.
सहा आठवड्यांच्या लिस्बनने एवढं केलं.
पूर्वी बाबांबरोबर यायचे तेव्हा
आम्ही पायरीवर बसायचो,
बाबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत घरपट्टीच्या पावत्या,
आणि आतून कुणीतरी न बघताच म्हणायचं,
"सोमवारी या."

आव्हेलिनो कुलासो,
जुने पोर्तुगीज दस्त वाचणारा
या कचेरीतला शेवटचा माणूस,
मोतीबिंदू काढायला मडगावला गेलाय.
त्याचं टेबल आठ दिवस माझं.
त्याचं भिंगही.

तिकडे वर्ग चढावर भरायचा.
ट्राम सोडून मी पायी चढायचे,
वाचलेल्या पैशात पाव आणि एक केळं.
पाव हा शब्द कुणी शिकवावा लागला नाही.
साबण, चावी, मेज, जनेल,
निम्मी भाषा सामानासकट
आमच्याकडे आधीच राहून गेलेली.
उरलेली निम्मी मात्र
कलमांत आणि पोटकलमांत
दाराला आतून कडी लावून बसलेली.

प्रोफेसर ग्रासा म्हणाल्या,
"तुम्ही गोव्याच्या. म्हणजे अठराशे सदुसष्टच्या संहितेच्या.
आमच्याकडे ती कधीच मोडीत निघाली."
सगळे वळून बघायला लागले,
जणू मी त्यांच्या कुणा खापरपणज्याचा कोट घालून आलेय
आणि तो मला खांद्यात बरोबर बसतोय.

मी उभी राहून सांगितलं,
लग्न झालं की सगळं दोघांचं, अर्धं अर्धं.
अर्ध्याच्या मालकिणीला नाव आहे, मेएरा.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
खाली बसताना आठवलं,
आमचं घर भाटकाराच्या भाटात आहे.
अर्धं. पण कशाचं?

रात्री फोनवर आईला म्हटलं,
"अगो, कायद्याने अर्धं घर तुझं."
ती काजूच्या कारखान्यातून नुकतीच आलेली,
बोटांचा चीक खोबरेलाने काढत असावी.
म्हणाली, "तरीच.
गळतं ते माझ्याच अर्ध्यात."

आज सकाळी एकजण दस्त टाकून गेला.
"भाषांतर लवकर पाहिजे, गिऱ्हाईक दिल्लीचं आहे."
भाटकाराचा नातू, ज्युलियांव.
त्याने मला ओळखलं नाही.
लहानपणी आमच्या पडवीत
त्याने माझ्या वाट्याची पातोळी खाल्ली होती.

एकोणीसशे एकतीस. शाई तपकिरी, अक्षर वळणदार.
पूर्वेस नाला.
पश्चिमेस आफोंसो यांचे वारस.
दक्षिणेस कपेलाकडे जाणारी वाट, उत्तरेस डोंगर.
विहीर एक.
मुसरादचे आंबे तीन.
फळणारे माड एकशे अठरा.
न फळणारे नऊ.
(म्हणजे ज्याला नारळ लागत नाही
त्याचीही मोजदाद झाली होती.)
आणि अगदी शेवटी, पान संपत आलंय म्हणून
बारीक अक्षरात कोंबलेलं:
त्यावर राहणारे मुंडकार.

नाव नाही. आकडा नाही.

मराठीत मुंडकार एक असो की दहा, शब्द तोच.
पोर्तुगीजमध्ये शेवटी एक 'स' लागतो.
मी भिंग त्या 'स'वर धरलं.
पणजोबा होते तिथे, त्यांचे दोन भाऊ,
तापाने गेलेली, जिचं नाव घरात घेत नाहीत ती मुलगी,
सगळे दाटीवाटीने उभे,
एका अक्षराच्या वळणात,
त्या माडांच्या खालोखाल.

खाली मला सही करायची आहे:
भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे खरे व पूर्ण.
खरं झालंय.
पूर्णपाशी पेन थांबलंय.

दुपारी ज्युलियांवचा फोन आला, झालं का?
दारातून पायरी दिसत होती.
कुणीतरी बसलेलं, मांडीवर पिशवी.

"सोमवारी या," मी म्हटलं.