भाड्याचं हेल्मेट

जळगाव आरटीओच्या फाटकाशी, निंबाखाली माझं टेबल.
टेबलावर एक हेल्मेट, टेस्टपुरतं वीस रुपये,
आत शंभर डोक्यांच्या तेलाचा वास.

चिनावलच्या हेमकांत नेहेतेनं तेच घातलं,
आठचा आकडा काढला, परत केलं.
"डोकं माझं. सरकारला कशाला त्याची पंचाईत?"
पटलं मला. वीस रुपये सुटे होते त्याच्याकडे.

आज त्याची बहीण आली, दवाखान्यातून थेट,
हातात फॉर्मची झेरॉक्स, घामानं मऊ.
सावद्याच्या वळणावर डोकं गेलं;
किडन्या, यकृत, डोळे शाबूत.
डॉक्टर सहीसाठी थांबलेत.
"भाऊ, अवयवदानापुढं 'हो' हाये.
त्यानं सोता खून केली व्हती का?"

तिच्या बोलीत णचा न होतो.
तरी दचकलो.

खूण माझी. सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो.
रक्तगट विचारतो; ते विचारत नाही,
मागं रांग असते.
पेन टेकेल तिथं हो, नाहीतर नाही.

"तो काय म्हणाला असता?"

ती उलट्या हेल्मेटातल्या चिल्लरकडं बघत राहिली.
"डोक्याचंच बोलायचा, भाऊ.
बाकीच्याचं कधी इचारलंच नाही कोनी."